वन पॉइंट फोर घेतली, पण कोपऱ्यांचं काय?

मेच्या अखेरीस वळवाची एखाददुसरी सर पडून गेली की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादड्याच्या फांद्यांवर काजवे लुकलुकू लागतात. त्याच सुमारास मिररलेस कॅमेरेवाल्यांमध्ये दरवर्षीचा प्रश्न फिरायला लागतो : ‘वाइड प्राइम घ्यायचीय. वन पॉइंट फोर घेऊ, की वन पॉइंट एटमध्ये भागेल?’ प्रश्न रास्त आहे, दोन्हींच्या किमतींत चांगलंच अंतर असतं. पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा फोटोच्या चार कोपऱ्यांत असतो आणि तो दुकानात सहसा कुणी विचारत नाही.

आधी आकड्याचं पाहू. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या छिद्राच्या व्यासानं भागलं की हा एफ-आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. २४ मिमी, १.४ या लेन्सचं छिद्र साधारण १७ मिमीचं, तर १४ मिमी, १.८ चं जेमतेम ८ मिमीचं. काळोखाला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली ७ मिमीच्या आसपास उघडते, यावरून १७ मिमी म्हणजे काय याचा अंदाज येईल. १.८ वरून १.४ वर आलं की सेन्सरवरचा प्रकाश दीडपटीहून थोडा जास्त वाढतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सच्या ३.५ वरून आलं तर सहापट.

काजव्याच्या बाबतीत मात्र या हिशेबाला एक वेगळंच वळण मिळतं. झाड जागचं हलत नाही. प्रकाश कमी पडला तर शटर दहाऐवजी वीस सेकंद उघडं ठेवायचं, झाड दुप्पट उजळ येतं. काजव्याची चमक क्षणभराची. शटर मिनिटभर उघडं ठेवलंत तरी त्या एका चमकेचा प्रकाश तेवढाच राहतो. वाढतात ते ठिपके, प्रत्येक ठिपक्याची उजळाई नव्हे. ती वाढवायची तर छिद्रच मोठं हवं. आयएसओ चढवून हाती आलेला सिग्नल मोठा करता येतो, नवा प्रकाश काही येत नाही. शिवाय ठिपका ठिपक्याएवढाच राहतो तोवर त्याची उजळाई एफ-आकड्यावर नव्हे, छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते. त्यामुळे वरच्या दोन लेन्समध्ये आकड्यांचा फरक किरकोळ वाटला, तरी एका काजव्याकडून २४ मिमीची लेन्स १४ मिमीच्या जवळजवळ पाचपट प्रकाश गोळा करते. हजारो ठिपक्यांनी लगडलेलं झाड दाखवणारे फोटो बहुधा अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेले असतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो. आणि तिथं कॅमेऱ्याचा ऑटोफोकसचा मदतनीस दिवा आधी बंद करा. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना चमकेवरूनच ओळखतात, त्यात आपल्या दिव्यांची भर नको.

ताऱ्यांचंही असंच, फक्त तिथं पृथ्वी आडवी येते. आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर २४ मिमी लेन्स लावली तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ५२ विकला मावतात. म्हणजे साडेतीन सेकंदांत खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एक पिक्सेल ओलांडतो. पाचशेला नाभीय अंतरानं भागून येतील तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा, हा जुना नियम या लेन्सला वीस सेकंद देतो. तेवढ्यात तारा सहा पिक्सेल घसरलेला असतो. मोबाइलवर फोटो पाहणाऱ्याला ते कळणार नाही, भिंतीवर मोठी प्रत लावणाऱ्याला कळेल. वेळ वाढवायची सोय नाही म्हटल्यावर भार पुन्हा छिद्रावरच.

आता कोपरे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वरखाली व्हायचा, त्यामुळे वाइड लेन्सला तिच्या नाभीय अंतरापेक्षा लांब, आरशाच्या पलीकडे उभं राहावं लागे. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये पुढं मोठं अंतर्वक्र भिंग देऊन ही अडचण सोडवली. त्यांच्या त्या लेन्सचं ‘रेट्रोफोकस’ हे नाव पुढं सगळ्या जातीलाच चिकटलं. आरसा गेल्यावर जागा मोकळी झाली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सचं बूड सेन्सरपासून ४६.५ मिमीवर होतं, झेड माउंटमध्ये ते १६ मिमीवर आलं. सोनीच्या ई माउंटमध्ये १८.

या मोकळ्या जागेचं काय करायचं ते प्रत्येकानं आपापल्या परीनं ठरवलं. सिग्माची २० मिमी, १.४ ही डीएसएलआरसाठीची २०१५ ची लेन्स ९५० ग्रॅमची होती. २०२२ ची मिररलेस आवृत्ती साधारण ६३५ ग्रॅमची. निकॉनची २० मिमी, १.८ मात्र ३५५ वरून ५०५ ग्रॅमवर गेली. वाचलेली जागा तिथं वजनाऐवजी चित्राच्या कडा सुधारण्यावर खर्ची पडली. मिररलेस म्हणजे हलकंफुलकं, ही समजूत दुकानातच सोडून द्यावी.

कडा बिघडतात कशा? एक, अंधारतात. २४ मिमी लेन्समध्ये अगदी कोपऱ्यात पोचणारा किरण अक्षाशी ४२ अंशांचा कोन करतो आणि कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमानं तिथं मध्याच्या तीसेक टक्केच प्रकाश उरतो. रचनाकार तो थोडाफार सावरतात, बाकीचं सॉफ्टवेअर उजळून देतं, पण उजळलेल्या कोपऱ्यात दाणेही वर येतात. दोन, आणि हा खरा शत्रू, कोमा. तिरकस आलेले किरण एका बिंदूत न जुळता पसरतात आणि कोपऱ्यातला तारा पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो. याला सॉफ्टवेअरचा धड इलाज नाही. १९७७ मध्ये निकॉननं नॉक्ट ही ५८ मिमी, १.२ लेन्स काढली ती मुख्यतः याच दोषावर. तिच्यातलं एक भिंग हातानं घासून गोलाकारापासून किंचित वळवलेलं होतं. आज अशी अगोलीय भिंगं साच्यातून निघतात, म्हणून तर परवडतात.

छिद्र लहान केलं की कोमा आटोक्यात येतो. तिथंच गोम आहे. जी १.४ लेन्स कोपऱ्यांसाठी २.८ वर आणावी लागते, ती रात्रीच्या कामाला २.८ चीच. पैसे मात्र १.४ चे. नाव मोठं, लक्षण खोटं.

परीक्षा घरच्या गच्चीवर होते. ट्रायपॉडवर कॅमेरा, छिद्र पूर्ण उघडं, फोकस हातानं. दूरचा एखादा बारीक दिवा निवडायचा, स्क्रीनवर मोठा करून मध्यावर फोकस करायचा, मग कॅमेरा वळवत तोच दिवा आळीपाळीनं चारही कोपऱ्यांत आणायचा. फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहा. चारही कोपऱ्यांत सारखेच पंख दिसले तर तो त्या रचनेचा स्वभाव. तीन कोपरे ठीक आणि एकच विस्कटलेला, तर आतलं एखादं भिंग अक्षापासून सरकलेलं आहे. ही प्रत परत करा, मुदत संपायच्या आत. बऱ्याच मिररलेस लेन्समध्ये फोकसची रिंग भिंगांना थेट हलवत नाही, मोटरला नुसती सूचना देते आणि कॅमेरा बंद होताच फोकस जागचा हलू शकतो. तेही याच वेळी तपासून घ्यावं.

मग घ्यायची कोणती? फुल-फ्रेमवर काजवे आणि आकाशगंगा दोन्ही हवे असतील तर माझं मत २० किंवा २४ मिमीला. २४ मिमी, १.४ चा फोकस चौदा मीटरवर ठेवला तर सात मीटरपासून अनंतापर्यंत सगळं ठीकठाक येतं. काजव्यांचं झाड त्याहून जवळ सहसा नसतं. एपीएस-सीवर १६ मिमी, १.४ तेवढाच कोन देते, पण छिद्र ११ मिमीच्या थोडं वर, त्यामुळे ठिपक्याला मिळणारा प्रकाश निम्म्याहून कमी. फुल-फ्रेमचा रात्रीचा वरचष्मा बराचसा इथूनच येतो. १४ मिमी घ्या ती क्षितिजापासून डोक्यापर्यंतचं आकाश एका फ्रेममध्ये हवं असेल तेव्हा. आणि हात आखडता असेल तर डीएसएलआरसाठीच्या जुन्या वाइड प्राइम सेकंडहँड बाजारात उतरलेल्या आहेत. अ‍ॅडॉप्टर लावून त्या मिररलेसवर चालतात, फक्त ट्रायपॉडचं डोकं दणकट घ्या आणि गच्चीवरची परीक्षा चुकवू नका.