दर मिलिसेकंदाला वाटणी

मोबाइल टॉवरवर नजरेत भरतात त्या अँटेना. वाटपाचा निर्णय मात्र बेसबँडच्या पेटीतला शेड्युलर नावाचा प्रोग्राम घेतो. फोर-जीमध्ये सेकंदाला 1000 वेळा तो ठरवतो की हवेतली जागा आता कोणाला द्यायची. 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाटण्याजोगे 100 तुकडे असतात, आणि प्रत्येक फोन आपल्याला सिग्नल कसा मिळतोय ते 0 ते 15 च्या मोजपट्टीवर कळवत राहतो.

टॉवरखालच्यालाच सगळं दिलं तर एकूण डेटा सर्वाधिक जातो, पण भिंतीआडचा ताटकळतो. सगळ्यांना सारखा वेग द्यायचा म्हटलं, तर कमजोर सिग्नलवाल्यांवरच बहुतेक वेळ खर्ची पडतो. केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी 1997 मध्ये यातला मधला मार्ग मांडला, तोही तारांच्या जाळ्यांचा विचार करताना. डेव्हिड त्से यांनी त्याच तत्त्वावरचा शेड्युलर क्वालकॉमच्या बिनतारी प्रणालीसाठी रचला. समजा, एक फोन या क्षणी 50 मेगाबिट वेग घेऊ शकतो आणि त्याला सरासरी 25 मिळालाय, भागाकार 2. भिंतीआडचा फक्त 6 घेऊ शकतो, सरासरी 2, भागाकार 3. पाळी भिंतीआडच्याची. ज्याचा सिग्नल त्याच्या नेहमीपेक्षा बरा, त्याला तो क्षण मिळतो. इतक्या साध्या भागाकारात इतकी न्यायबुद्धी मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही.

तारेकडचा हिशेब वेगळा. 1986 मध्ये बर्कलीत जवळजवळच्या दोन संस्थांमधला वेग 32 किलोबिटवरून 40 बिटवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो उपाय शोधला त्यात पॅकेट हरवणं म्हणजे पुढे कोंडी, तेव्हा वेग आवरायचा. हवेत मात्र नुसती बस आडवी आली तरी पॅकेट बिघडतं. म्हणून टॉवर बिघडलेला भाग सुमारे 8 मिलिसेकंदांत स्वतःच पुन्हा पाठवतो. दूरच्या सर्व्हरला बहुधा पत्ताही लागत नाही.

शेड्युलरची सत्ता हवेपुरतीच. टॉवरमागे फायबरऐवजी मायक्रोवेव्हची तबकडी असेल आणि तिची क्षमता अपुरी पडली, तर पॅकेटं टॉवरपर्यंत पोचण्याआधीच तुंबतात. फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, व्हिडिओ मात्र अडकलेला. टॉवर उभारला म्हणून मिरवण्याआधी मागची जोडणी तपासायला हवी, कारण तिथल्या रांगेला भिंतीआडच्या फोनची सरासरी ठाऊक नसते.