लघुपटांतले स्थलांतरित : थोडक्यात

• लघुपट : ऑस्करच्या नियमानुसार श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट.

• निर्वासित : छळाच्या भीतीने देशाबाहेर पडलेला. व्याख्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारातली. भारताची त्यावर सही नाही. केनवडहून (जि. वाशीम) पुण्याला कामासाठी गेलेला यात बसत नाही, तो देशांतर्गत स्थलांतरित.

• ‘द इमिग्रंट’ (१९१७) : चार्ली चॅप्लिनचा मूकपट. बोटीवरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो न दिसतो, तोच प्रवाशांना दोराने अडवलं जातं.

• ‘अ टाइम टू राइज’ (१९८१) : मुंबईचे आनंद पटवर्धन आणि जिम मन्रो यांचा माहितीपट. विषय : कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात राबणाऱ्या भारतीय व चिनी शेतमजुरांची संघटना.

• ‘मिफ’ : माहितीपट, लघुपट व ॲनिमेशनपटांचा मुंबईतला महोत्सव. सुरुवात १९९०, भरतो दर दोन वर्षांनी.