रानससा : गवत हेच ज्याचे घर

सातपुड्याच्या डोंगरउतारांपासून तापीकाठच्या शेतशिवारापर्यंत नंदुरबार जिल्ह्यात रानससा हा सर्वांच्या परिचयाचा प्राणी आहे. तथापि ससा बिळात राहतो, हा सर्वत्र रूढ असलेला समज त्याला लागू पडत नाही. घरोघरी पाळले जाणारे पांढरे ससे हे युरोपातील बिळे करून राहणाऱ्या सशाचे वंशज होत. आपला रानससा वेगळ्या प्रजातीतील असून तो बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगाच्या दाबाने झालेला उथळ खळगा, एवढेच त्याचे घर.

दिवसभर तो या खळग्यात निश्चल बसून राहतो. मातकट रंगामुळे तो सहसा दृष्टीस पडत नाही. सायंकाळ झाली, की चरावयास निघतो. पावसाळ्यात कोवळे गवत आणि इतर दिवसांत पाला, कोंब व काही प्रमाणात पिके, हा त्याचा आहार होय. कोल्हा, रानमांजर व मोठे शिकारी पक्षी यांचे तो भक्ष्य असल्याने निसर्गाच्या साखळीत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

पिलांच्या बाबतीतही हा भेद स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील कापसासारख्या शेपटीचा ससा गवतातील उथळ घरट्यात वितो. परंतु त्याची पिले जन्मतः उघडी व आंधळी असतात. रानसशाची पिले मात्र अंगावर केस घेऊन व डोळे उघडे असतानाच जन्मतात. मादी त्यांना गवतात दडवून दूर राहते आणि दूध पाजण्यापुरतीच परत येते. म्हणून एकटे दिसलेले पिलू अनाथ समजून घरी आणणे, म्हणजे त्याला आईपासून तोडणे होय.

रानसशाची वीण वर्षभर होऊ शकते. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्याच्या सोयीसाठी पालापाचोळा पेटविला जातो, बांधावरील गवत जाळले जाते. प्रौढ ससा पळून जीव वाचवितो. दडून राहणे एवढाच बचाव ठाऊक असलेले पिलू मात्र जागीच होरपळते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानसशाला संरक्षण असून त्याची शिकार हा गुन्हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेस वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. पालापाचोळा न पेटविता झाडून बाजूला करणे, बांधावर गवताचा एखादा पट्टा राखणे, असे निर्णय ग्रामसभेत घेता येतील. शिक्षकांनीही पिलू उचलू नये ही साधी गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविल्यास, कायद्याचे काम पुष्कळ सुकर होईल.