घरचे ताजे पनीर आणि पाच लिटरांचा हिशेब

शाळेच्या डब्यात चीज हवे, हा हट्ट आता पेठेतल्या जैन घरांतही नित्याचा झाला आहे. आजीला तो पदार्थ मुळातच परका. आईला वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्यास सवड नाही. वडिलांना हिरवा ठिपका दिसला की समाधान वाटते. तो ठिपका उपयोगाचा आहे, यात शंका नाही. परंतु दूध कशाने गोठविले, हे तो सांगत नाही. जैन घरासाठी खरा प्रश्न तोच आहे.

युरोपातील परंपरागत चीज रेनेट नावाच्या द्रव्याने गोठवितात. हे द्रव्य दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढले जाते आणि त्यासाठी वासराचा जीव जातो. इटलीचे पार्मिजानो-रेज्जानो हे चीज तर तेथील नियमानुसार वासराच्या रेनेटखेरीज करताच येत नाही. परदेशी निघणाऱ्या कुटुंबांनी हे एक नाव तरी ध्यानात ठेवावे. बुरशीपासून मिळविलेले रेनेटही आहे. त्यात वासराची हत्या नाही, तथापि बुरशीला अनंतकाय मानणाऱ्या घरांना तेही रुचत नाही. आणि चीज मऊ व ताजे आहे म्हणून ते निर्दोष, असेही समजू नये. पारशी घरांतले ‘टोपली नु पनीर’ लहान टोपल्यांत निथळविलेले, निवळीत ठेवलेले, अतिशय नाजूक असते. पण परंपरेने ते रेनेटनेच लावतात.

आपले नेहमीचे पनीर या दोषातून सुटते, कारण ते आंबटाने फाडलेले असते. मात्र तेथे दुसरा हिशेब पाहावा लागतो, आणि तो व्यापाऱ्याला पटकन कळावा. म्हशीच्या एक लिटर चांगल्या दुधातून साधारण दोनशे ग्रॅम पनीर निघते. गाईच्या दुधातून त्याहून थोडे कमी. म्हणजे एक किलो पनीरसाठी म्हशीचे सुमारे पाच लिटर दूध लागणार. समजा, दूध सत्तर रुपये लिटर आहे. मग नुसत्या दुधाचेच साडेतीनशे रुपये झाले. इंधन, मजुरी, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे सर्व त्यावर. असे असता कोणी सुटे पनीर अडीचशे रुपये किलोने देत असेल, तर त्याचा ताळेबंद कोठून जुळतो, हे विचारायला हवे. पनीरच्या कोरड्या घटकात दुधाचे स्निग्धांश निम्म्याहून कमी नसावेत, असा सरकारी दंडक आहे. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेल्या पदार्थावर ‘ॲनालॉग’ असे लिहिणे बंधनकारक आहे. परंतु पातेल्यातून तोलून दिलेल्या तुकड्यावर काय लिहिणार?

तेव्हा घरी करणे हाच उपाय. अडचण एवढीच की दुधापाशी उभे राहावे लागते. नजर हटली की उतू जाते, नाही तर बुडाला लागते. विजेवर चालणाऱ्या प्रेशर कुकरने ही अडचण बरीच दूर केली आहे. ‘इन्स्टंट पॉट’ या नावाने हे यंत्र २०१० साली कॅनडात प्रथम बाजारात आले. आता तशी अनेक यंत्रे आपल्याकडेही मिळतात. तळाशी तापणारी तबकडी, तिच्या मध्यभागी तापमान ओळखणारा संवेदक आणि आत स्टीलचे भांडे, एवढीच त्याची रचना. उघडी ज्योत नाही, वर झाकण आहे, त्यामुळे संध्याकाळचे पाखरू, चिलट त्यात पडण्याची भीती कमी. जयणेच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

नाव प्रेशर कुकर असले तरी येथे प्रेशर मात्र द्यावयाचे नाही. दुधाला फेस येतो, तो वाफेच्या झडपेत शिरून तिला बुजवू शकतो. भांड्यात प्रथम दोन चमचे पाणी फिरवावे, म्हणजे दूध तळाला लागत नाही. मग दोन लिटर दूध ओतावे. दही लावण्याची सोय असलेल्या यंत्रात दूध तापविण्याचा टप्पा असतो. तो सुमारे ८२ अंश सेल्सियसवर थांबतो आणि शिटी देतो. तेवढ्याने दूध फाटेल, परंतु शोधाचे पाळणाऱ्या घरांनी नंतर ‘सॉते’ची कळ दाबून, झाकण काढून, ढवळत दोन उकळ्या आणाव्यात. त्याचा स्वयंपाकातही लाभ आहे. चांगल्या तापलेल्या दुधातील जी प्रथिने एरवी निवळीबरोबर वाहून जातात, ती केसीनला चिकटून पनीरमध्येच राहतात आणि पनीर अधिक निघते.

यंत्र बंद करून पाचएक मिनिटे थांबावे. दोन-तीन लिंबांचा रस तेवढ्याच कोमट पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा व हलक्या हाताने ढवळावे. हिरवट-पिवळी, स्वच्छ निवळी दिसली की रस घालणे तेथेच थांबवावे. घाईने सगळा रस ओतला तर पनीर आंबट व रवाळ होते. व्हिनेगर आसवापासून होते, आणि सायट्रिक ॲसिड कारखान्यात बुरशीच्या साह्याने करतात. लिंबू असताना दोहोंचीही गरज नाही. कालची निवळी जपून तिने आजचे दूध फाडावे, असे पाककृतींच्या पुस्तकांत लिहिलेले असते. मर्यादा पाळणाऱ्या घरात ते बसत नाही.

मलमलच्या कापडात चोथा निथळावा, त्यावर गाळून उकळलेले व निववलेले पाणी एकदा फिरवावे. पाऊण तास वजनाखाली ठेवला तर पनीर. वीस मिनिटे नुसता टांगला तर मऊ चीज. त्यात मीठ, मिरपूड, भाजलेले जिरे घालून घोटले की पोळीला लावण्याजोगे होते. मुलांना आधीच सांगून ठेवावे की हे पिझ्झ्यावर वितळणार नाही आणि तारही धरणार नाही. आंबटाने व उष्णतेने फाडलेल्या दुधाचा तो स्वभावच आहे. गॅस वाढवून काही होत नाही.

दुपारी तीनला सुरुवात केली तर साडेचारपर्यंत सर्व आटोपते, आणि दुकानातून परतणारा माणूस हिवाळ्यातही सूर्यास्तापूर्वी पानावर बसू शकतो. हजार वॉटचे यंत्र अर्धा तास सलग चालले, तरी अर्धा युनिट वीज. पनीर त्याच दिवशी संपेल एवढेच करावे.

उरते ती निवळी, दोन लिटरांमागे जवळजवळ दीड लिटर. कणीक तिने मळली तर पोळ्या मऊ होतात. डाळीत किंवा पिठल्यात ओतण्याचा मोह मात्र होतो, आणि तेथे क्षणभर थांबावे. निवळी म्हणजे गोरस, डाळ व बेसन म्हणजे द्विदल. उकळलेल्या गोरसाशी द्विदल चालते, असे काही घरांत मानतात, काही घरांत तेही वर्ज्य. मटार-पनीर आवडणाऱ्यांनीही हे एकदा घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे, कारण मटार हेही द्विदलच.