टेबलाच्या खणातली कादंबरी आणि सहावी सिम्फनी

एखादा पियानो आपली बोटं न लावता वाजू लागला तर? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत असं यंत्र खरोखर असायचं. त्याचं नाव पियानोला. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरच्या ‘मॉरिस’ या कादंबरीतले दोन तरुण याच यंत्राच्या निमित्ताने जवळ येतात. केंब्रिजमधली एक रात्र. मॉरिस एका ओळखीच्या मुलाच्या खोलीत डोकावतो, तर तिथे क्लाइव्ह पियानोलाच्या गुंडाळ्यांच्या ढिगाऱ्यात गुडघे टेकून बसलेला. तो शोधतोय रशियन संगीतकार चायकॉव्स्कीची सहावी सिम्फनी, ‘पॅथेटिक’.

कागदाच्या गुंडाळीतून सिम्फनी कशी निघते? उदबत्तीने भोकं पाडलेला रांगोळीचा कागद आठवा. जिथे भोक, तिथे ठिपका. इथे जिथे भोक, तिथे स्वर! पायाने भाते हलवून यंत्रातली हवा ओढून घ्यायची. गुंडाळी एका छिद्रांच्या पट्टीवरून सरकत राहते. कागदातलं भोक छिद्रावर आलं की तिथून हवा आत शिरते, झडप उघडते, एक चिमुकला भाता मिटतो आणि नेमका तोच सूर वाजतो. भोक लांब असेल तर सूरही लांबतो. एडविन व्होटी नावाच्या अमेरिकन माणसाने १८९५मध्ये ही करामत जमवली. ज्याला साधा सारेगमसुद्धा वाजवता येत नाही, त्याच्या पायांतून अख्खा वाद्यवृंद बोलू लागला.

पण मग एवढ्या सुरावटींतून फॉर्स्टरने हीच का उचलली? त्यासाठी सिम्फनीच्याच आत शिरायला हवं.

पहिल्याच भागात एक जागा अशी आहे की ऐकताना अंगावर काटा येतो. पाश्चात्त्य स्वरलिपीत हळू आवाजासाठी ‘पी’ हे अक्षर लिहितात. आणखी हळू हवं असेल तर दोन ‘पी’, फारच झालं तर तीन. चायकॉव्स्कीने इथे बॅसून या लाकडी फुंकवाद्याच्या चार सुरांपाशी सहा ‘पी’ लिहून ठेवले आहेत! बॅसून इतकं हळू बोलूच शकत नाही, म्हणून पुष्कळ संचालक ते सूर बास क्लॅरिनेटकडे देतात. तुम्ही कान टवकारता, आवाज जवळजवळ विरून जातो आणि पुढच्याच क्षणी सगळा वाद्यवृंद अंगावर कोसळतो.

दुसरा भाग तर आपल्या कानांसाठीच केल्यासारखा. तो वॉल्ट्झसारखा डोलतो, पण वॉल्ट्झच्या तीन मात्रांऐवजी इथे मात्रा आहेत पाच. युरोपातल्या अनेकांना हे नाचणं लंगडं वाटलं. आपण मात्र दोन-तीन, दोन-तीन असा झपताल मांडीवर धरतो आणि निवांत ऐकतो. तिसऱ्या भागात असं जोशपूर्ण संचलन येतं, की संपलं म्हणून जगभरचे श्रोते टाळ्या वाजवून बसतात. आणि शेवट अजून व्हायचाच असतो! सिम्फनीने गाजतवाजत संपावं हा रिवाज. ही विलंबित, खचलेल्या सुरांत बुडत जाते.

२८ ऑक्टोबर १८९३ला सेंट पीटर्सबर्गमध्ये चायकॉव्स्कीने स्वतः ती पहिल्यांदा सादर केली. नऊ दिवसांनी तो वारला. या संगीतामागे एक गोष्ट आहे, पण ती कुणाला सांगणार नाही, ज्याला ओळखायची त्याने ओळखावी, असं त्याने पत्रात लिहून ठेवलं होतं. पत्र कुणाला? बहिणीच्या मुलाला, व्लादिमीर दाविदोवला, ज्याला घरात सगळे बॉब म्हणत. मामाचा या भाच्यावर अतोनात जीव होता. सिम्फनी अर्पण केली आहे तीही त्यालाच.

आता फॉर्स्टरची हुशारी पाहा. पियानोलाच्या त्या रात्री मॉरिसला यातलं काहीच ठाऊक नाही. पुढे, क्लाइव्ह त्याला सोडून लग्न करून मोकळा झाल्यावर, तो हीच सिम्फनी मैफलीत ऐकतो. तिथे भेटलेला जुना ओळखीचा सहज भाच्याची गोष्ट सांगतो. मॉरिस काय करतो? वाचनालयातून चायकॉव्स्कीचं चरित्र आणतो! सुरावरून माणसाकडे, माणसावरून पुस्तकाकडे, पुस्तकातून स्वतःकडे. माझ्यासारखे कितीतरी समलिंगी वाचक याच वाटेने चालत आले आहेत. आवडत्या गाण्याचा गीतकार, त्याची पत्रं, पत्रातलं एक अवघडलेलं वाक्य, आणि तिथे थबकून वाटणं, की अरे, हा तर आपल्यातला! घरात बोलायची सोय नसली तरी हेडफोन लावायला कुणाची हरकत नसते. सूर हा पुरुषाचा की बाईचा, कुणी कुणासाठी लावला, हे कुणी विचारत नाही.

फॉर्स्टरच्या काळी मात्र हे प्रेम गुन्हा होतं. तो सोळा वर्षांचा असताना, १८९५मध्ये, लेखक ऑस्कर वाइल्डला पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच इंग्लंडमध्ये १९१३ साली फॉर्स्टर लेखक एडवर्ड कार्पेंटरच्या घरी गेला. कार्पेंटर आपल्या साथीदारासोबत, जॉर्ज मेरिलसोबत, उघडपणे संसार करत होता. मेरिलने फॉर्स्टरच्या कमरेखाली हलकेच हात लावला आणि त्या स्पर्शातून कादंबरी सुचली. हे मी रंगवून सांगत नाही, फॉर्स्टरनेच लिहून ठेवलंय! १९१४मध्ये ती लिहून झाली आणि खणात गेली. वाचली फक्त जवळच्या मित्रांनी.

खण बंद असताना माणूस मात्र हिंडत होता. १९२१मध्ये तो देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी चिटणीस होता. तिथली गोकुळाष्टमी त्याने डोळे भरून पाहिली: देवापुढे भान हरपून नाचणारे, गाणारे खुद्द महाराज. १९२४च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये तो उत्सव उतरला आणि त्यासोबत चक्क तुकारामांचं नाव! पुस्तक अर्पण केलं सय्यद रॉस मसूदला, ज्याच्यावर त्याचं प्रेम होतं आणि ज्याला त्या अर्थाने ते परत करता आलं नाही. एका कादंबरीत चायकॉव्स्की, दुसरीत तुकोबा. या माणसाला जिवाची तगमग ऐकू यायची ती सुरांतून.

‘मॉरिस’ छापली का नाही? नायकाने गळफास घेतला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता, तर ती छापणं सोपं गेलं असतं, असं फॉर्स्टर नंतर म्हणाला. घोटाळा केला तो सुखाने. मॉरिस आणि क्लाइव्हनंतर त्याच्या आयुष्यात आलेला अलेक या दोघांना शेवटी त्याने एकत्र ठेवलं आणि ते बदलायला तो कधीच तयार झाला नाही. इंग्लंडमधला कायदा १९६७मध्ये सैल झाला. फॉर्स्टर १९७०मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी पुस्तक आलं. १९८७मध्ये त्यावर चित्रपट निघाला. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि निर्माता त्याचा आयुष्यभराचा जोडीदार, मुंबईत जन्मलेला इस्माईल मर्चंट. त्याच्या जन्मगावात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी घालून दिलेलं कलम ३७७ तेव्हा जिवंत होतं. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ला.

मला सगळ्यात थक्क करतं ते वेगळंच. फॉर्स्टरने आपल्या नायकांची गाठ घालायला सूर निवडले ते जगातल्या सर्वांत हताश शेवटाच्या सिम्फनीचे. ओळख त्याने तिच्याकडून घेतली, शेवट मात्र घेतला नाही. चायकॉव्स्कीला जे सुचलं नाही किंवा परवडलं नाही, ते त्याने कागदावर करून दाखवलं आणि त्याची किंमत म्हणून सत्तावन्न वर्षं ते पुस्तक दडवून ठेवावं लागलं. दुःखी शेवट त्याला तेव्हाही छापता आला असता.