अनुदानाची यादी आणि गावाची चावडी

सरकारी तिजोरीतून शेतकऱ्याला मिळणारे साहाय्य हे दान नव्हे. तो सार्वजनिक पैशाचा विनियोग आहे. कर भरणारा नागरिक जसा त्या पैशाचा धनी, तसाच ज्याच्यासाठी तो बाजूला काढला तो शेतकरीही. तेव्हा हा पैसा कोणाला, किती आणि कोणत्या आधारावर मिळाला, हे विचारण्याचा अधिकार दोघांनाही आहे.

2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम याच्याही पुढे जाते. अनुदान-योजना राबविण्याची रीत, त्यांसाठी ठेवलेल्या रकमा आणि लाभार्थींचा तपशील प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा आहे; कोणाच्या अर्जाची वाट पाहावयाची नाही.

परंतु यादी प्रसिद्ध झाली म्हणजे काम संपले काय? प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे उदाहरण पाहू. 24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झालेल्या या योजनेत पात्र जमीनधारक कुटुंबाला वर्षाकाठी 6,000 रुपये तीन हप्त्यांनी थेट बँकेत मिळतात. आयकर भरणारी कुटुंबे वगळलेली आहेत. गावनिहाय यादी संकेतस्थळावर पाहावयास मिळते. तरीही माहिती अधिकाराखाली मिळालेले जे उत्तर जानेवारी 2021 मध्ये प्रकाशात आले, त्यात 20.48 लाख अपात्र व्यक्तींना 1,364 कोटी रुपये गेल्याचे दिसले. आणि त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारेच होते!

याचा अर्थ उघड आहे. यादीला जाणता वाचक हवा. गावात कोणाचे उत्पन्न किती आणि जमीन खरोखर कोण कसतो, हे कचेरीतल्या कागदापेक्षा गावाला अधिक ठाऊक असते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 साली जनसुनावण्या सुरू केल्या, तेव्हा विकासकामांचे हिशेब गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि खोट्या नोंदी लोकांनीच दाखवून दिल्या. महाराष्ट्रातही 2017 च्या कर्जमाफीच्या वेळी अर्जांचे चावडीवाचन योजिले गेले, ते याच विचाराने.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. लाभार्थींच्या यादीत दिसते ती एकाच प्रकारची चूक, अपात्राला लाभ मिळाल्याची. पात्र असून वंचित राहिलेला मनुष्य त्या यादीत कोठे सापडणार? पतीच्या निधनानंतर जिची वारसनोंद अडून राहिली ती विधवा, अथवा नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे ज्याचा हप्ता थांबला तो वृद्ध, यांची दखल घ्यावयाची तर नाकारलेल्या अर्जांची यादीही कारणांसह वाचली पाहिजे. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचे नाव तर कोणत्याच यादीत येत नाही, कारण योजनेचा पायाच जमिनीच्या मालकीवर आहे. तोही प्रश्न अशाच सभेत उमटेल.

यात कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणण्याचा हेतू नसावा. नाव, गाव, रक्कम आणि निर्णयाचे कारण एवढे लोकांसमोर यावे. बँकेचा खातेक्रमांक व आधार क्रमांक झाकलेलेच राहावेत.

पारदर्शकता म्हणजे अधिकाऱ्यावरील अविश्वास, असे आम्हां शासनसेवकांपैकी काहींना वाटते. वस्तुतः निर्णय योग्य असेल, तर गावासमोर झालेले वाचन हीच त्या अधिकाऱ्याची उत्तम साक्ष. आणि तो चुकला असेल, तर पुढच्या हप्त्यापूर्वी तो सुधारण्याची संधी. आपल्या गावच्या पुढील ग्रामसभेत दोन्ही याद्या मागा. त्या मागण्यासाठी कोणाच्या कृपेची आवश्यकता नाही.