सागरी कासवांच्या ऊर्जाव्ययाचे मापन

अंडी घालणाऱ्या मादीच्या तोंडावर मुखवटा बसवून तिने वापरलेला ऑक्सिजन मोजता येतो. समुद्रात फिरणाऱ्या कासवाबाबत हे कठीण असते. म्हणून ड्यूटेरियम व ऑक्सिजन-१८ यांनी चिन्हित केलेले पाणी टोचतात. पहिले समस्थानिक मुख्यतः पाण्यावाटे, तर दुसरे पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड या दोहोंवाटे शरीराबाहेर पडते. त्यांच्या ऱ्हासवेगांतील फरकावरून ऊर्जाव्यय काढतात. तथापि कासवांचा चयापचय मंद व शरीरातील पाण्याची उलाढाल मोठी असल्याने हा फरक अल्प राहून चूक वाढते. शिवाय दुसऱ्या रक्तनमुन्यासाठी तोच प्राणी पुन्हा सापडावा लागतो. कोस्टा रीकातील प्लाया ग्रांदे येथे लेदरबॅक माद्यांवर ही पद्धती वापरता आली, कारण त्या सुमारे १० दिवसांनी पुन्हा अंडी घालण्यास येतात. नर मात्र किनाऱ्यावर सहसा येतच नाहीत.